नाजूक तोंडाची घोडी आणि तीन फसलेली बिटं

मुळशीकडच्या एका घोडीमालकांचा प्रश्न आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून मारवाडी घोडी आणली. आता ती सहा-सात वर्षांची असेल. लगाम चढवायला गेलं की मान आभाळात, चालताना सारखं डोकं झटकणं, आणि दुडकीला लागली की जीभ बिटच्या, म्हणजे लगामाच्या तोंडात बसणाऱ्या सळीच्या, वर काढून बाजूने लोंबती ठेवते. आधी मधोमध एक सांधा असलेलं साधं स्नॅफल, म्हणजे तरफेच्या दांड्या नसलेलं बिट, होतं. ते टोचत असेल म्हणून 20 मिलिमीटरचं जाड, पोकळ स्टीलचं घेतलं. मग रबराचं. तिन्ही फसली. आता ओळखीतल्या कुणीतरी नाकपट्टी आवळून पेलहॅम घालायला सांगितलंय. त्यांना विचारायचंय ते एवढंच, की इतक्या नाजूक तोंडाच्या घोडीला सगळ्यात मऊ बिट कोणतं.

पेलहॅम घेऊ नका, हे आधी सांगून टाकते. त्याला खाली लांब दांड्या असतात आणि हनुवटीखाली साखळी. हातातला ओढा तोंडात पोचेपर्यंत तरफेने वाढलेला असतो. साधा लगाम जिला सोसत नाही, तिच्या तोंडात तरफ घालायची म्हणजे दाढ दुखणाऱ्याला अडकित्त्याने फोडलेली सुपारी चघळायला देण्यासारखं आहे. नाकपट्टीबद्दल पुढे लिहितेच.

मी गेली 22 वर्षं पुण्यात घोडेस्वारी शिकवते आणि "मऊ बिट कोणतं" हा प्रश्न मला दर पावसाळ्यानंतर कुणी ना कुणी विचारतंच. पण तुमच्या पत्रात मला खटकलं ते वेगळंच. तीन बिटं बदलली, तीन तऱ्हेची, आणि घोडीची तक्रार तीच राहिली. बिट चुकीचं असतं तर त्या तिन्हींत थोडा तरी फरक दिसायला हवा होता. म्हणजे घोडी बहुधा बिटच्या जातीबद्दल बोलतच नाहीये. तोंडात काहीतरी दुखतंय, किंवा पूर्वी दुखलेलं तिला आठवतंय, किंवा तोंडात जागाच नाहीये. आपण या तिन्ही गोष्टींना एकच नाव देतो, "नाजूक तोंड". उपाय मात्र तिन्हींवर निराळे आहेत.

दुखण्यापासून सुरुवात करा. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात, वर्षाला साधारण 2 ते 3 मिलिमीटर. चरून चरून ते झिजतातही. पण वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांची गालाकडची कड आणि खालच्या दाढांची जिभेकडची कड तशीच राहते आणि सुरीसारखी धारदार होते. गालाच्या आतून तिथे जखमा होतात, बाहेरून काहीच दिसत नाही. आता अशा घोड्याची नाकपट्टी आवळली की काय होणार ते बघा: तोच गाल त्याच धारेवर दाबला जाणार. तोंड उघडता येत नाही म्हणून घोडा गप्प दिसतो आणि मालकाला वाटतं, चला, सुधारला. नाकपट्टी आणि नाकाचं हाड यांच्यामध्ये, अगदी समोरच्या बाजूला, दोन बोटं सहज जायला हवीत. बाजूला गालाचा मऊ भाग असतो, तिथे बोटं घालून बघितली तर पट्टी नेहमीच सैल वाटते.

तर पहिलं काम, घोड्यांच्या दातांचा सराव असलेल्या पशुवैद्याला बोलवा. पुण्यात रेसकोर्समुळे असे डॉक्टर मिळतात, ही आपली सोय आहे. गुंगीचं हलकं इंजेक्शन, तोंड उघडं ठेवणारा सापळा, डोक्याला टॉर्च, आणि मागच्या दाढेपर्यंत बोटं घालून तपासणी, एवढं सगळं झालं तरच ती तपासणी म्हणायची. ओठ वर करून "दात चांगले आहेत हो" म्हणणारा माणूस घोडीचं वय सांगतोय, दुखणं नाही.

इथे माझी स्वतःची फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी रेसकोर्सवरून निवृत्त झालेला एक थरोब्रेड माझ्याकडे आला. उजवीकडे वळवला की तोंड उघडून मान तिरकी करायचा. शर्यतीच्या घोड्याला लगाम ताणला की त्यावर रेलून पळायचीच सवय लागलेली असते, ती मोडायला वेळ लागतो, हे मला माहीत होतं आणि त्या माहितीनेच माझा घात केला. पाच महिन्यांत मी चार बिटं बदलली. तबेल्यातल्या फळ्यावर त्याच्या नावापुढे मी खडूने "हट्टी" असंही लिहिलं होतं. शेवटी लसीसाठी आलेल्या डॉक्टरांनी सहज म्हणून वरच्या हिरडीवरून, पहिल्या दाढेच्या जरा पुढे, अंगठा फिरवला. उजवीकडे एका ठिकाणी अंगठा थांबला. त्यांनी माझं बोट तिथे ठेवलं. हिरडीखाली हरभऱ्याच्या डाळीएवढं टणक काहीतरी हाताला लागलं, आणि मी जरा दाबलं तसं त्याने डोकं असं उडवलं की वरचा बल्ब फुटला. हिरडीतून बाहेरच न आलेला वुल्फ टूथ होता तो. हा दाढांच्या पुढे येणारा बारका, बिनकामाचा दात. बऱ्याच घोड्यांना तो असतो आणि काही त्रासही देत नाही, पण असा आत दडलेला असला आणि त्यावर बिट आपटत राहिलं तर घोड्याने करायचं काय? दात काढला, हिरडी भरेपर्यंत तोंडात काही घातलं नाही, आणि नंतर सगळ्यात पहिलं, मी "चालत नाही" म्हणून बाजूला टाकलेलं साधं स्नॅफल चढवलं. दोन्हीकडे सारखा वळायला लागला. ती बाकीची बिटं अजून खोगीरखोलीत खिळ्याला टांगलेली आहेत.

दुसरी शक्यता तुमच्या घोडीच्या बाबतीत मला जास्त वाटते. सारंगखेड्याला किंवा अकलूजच्या बाजारात येणारी पुष्कळ घोडी नाचकामाला किंवा वरातीला शिकवलेली असतात आणि त्यांतल्या कित्येकांच्या तोंडात काटेरी लगाम राहून गेलेला असतो. तोंडातल्या सळीवर टोकदार काटे, कधी कातऱ्या कडांच्या चकत्या. घोडी मान वाकवून, तोंडाला फेस आणून नाचते, बघणारे टाळ्या वाजवतात. काटेरी लगामाला 1965 च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे, तरी तो मिळतो आणि वापरला जातो. तुमच्या घोडीचा पूर्वीचा मालक काय वापरायचा हे विचारून आता उपयोग नाही, तो "साधाच लगाम होता" म्हणेल. तोंडालाच विचारा.

ते असं. उजेडात उभी करा, हॉल्टर, म्हणजे बिट नसलेली म्होरकी, राहू द्या, घाई नको. ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा आत घाला. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये बोटं राहतील एवढी बिनदाताची जागा असते, ती चावत नाही. खालच्या जबड्यावर तिथे हाडाची एक धार लागेल, आपल्या नडगीसारखी, वर नुसती पातळ कातडी. आम्ही तिला बार म्हणतो. दोन्हीकडची बार बोटाच्या पेराने चाचपा. निरोगी बार गुळगुळीत आणि सलग लागते. कुठे गाठ, खाच, खडबडीतपणा लागला, किंवा एका ठराविक जागी घोडीने श्वास रोखला, तर तिथे जुनी इजा आहे. मग जीभ हलकेच बाजूला घेऊन बघा, ओढू नका. कडेला आडवा पांढरा व्रण किंवा खाच दिसली तर काटेरी लगामाची शंका आणखी बळावते. ओठांच्या कोपऱ्यात रंग गेलेली गुलाबी कातडी दिसली, तर तिथेही केव्हातरी घासून जखम झाली होती.

व्रण सापडले तर डॉक्टरांना ते आवर्जून दाखवा, हाड वाढलं असेल तर एक्स-रे लागेल. आणि अशा घोडीला पुन्हा बिट घालायचंच का, हा प्रश्न मग खरोखर उघडा आहे. त्यावर शेवटी.

आता जागा. तुमच्या 20 मिलिमीटरच्या जाड बिटचं कोडं इथे सुटतं. जाड बिट मऊ, पातळ कडक, असं आम्हालाही शिकवलं होतं. दोरी आणि पट्ट्याचं उदाहरण द्यायचे: दोरी हातात रुतते, पट्टा रुतत नाही. खोटं नाही ते, फक्त अर्धं आहे. तोंड मिटलेलं असताना आत पोकळी जवळजवळ नसतेच. जीभ दोन्ही बारांच्या मधली सगळी जागा भरून टाळूला टेकलेली असते. 1984 मध्ये हिलरी क्लेटन यांनी घोड्याच्या तोंडातलं सांध्याचं स्नॅफल एक्स-रेखाली तपासलं, तेव्हापासून हे डोळ्यांनी बघण्याची सोय झाली: बिट आत गेलं की जिभेलाच दबून जागा करून द्यावी लागते. तगड्या, रुंद जबड्याच्या परदेशी घोड्याच्या तोंडात 20 मिलिमीटर कदाचित मावतील. आपली मारवाडी, काठेवाडी, भीमथडीची तट्टं यांची तोंडं लहान, टाळू बेताचा, आणि जीभ मात्र चांगली मांसल. तिथे जाड बिट म्हणजे तोंडात अख्खा लाडू धरून बसायचं. गिळता येत नाही, मिटता येत नाही. तुमची घोडी जीभ वर काढते ती बहुतेक याच दाबातून सुटायला.

जागा मोजायची रीत सोपी आहे. त्याच बिनदाताच्या जागेत दोन बोटं एकमेकांवर उभी ठेवून आत घाला आणि तोंड मिटू द्या. टाळू आणि जीभ बोटांना किती आवळतात ते कळतं. माझी बोटं बारीक आहेत, तरी पुष्कळ मारवाडी घोड्यांच्या तोंडात ती चांगलीच दाबली जातात. अशांना मी 14 किंवा फार तर 16 मिलिमीटरचं बिट घेते. जाडी कडीजवळ, जिथे सळी सगळ्यात जाड असते तिथे मोजायची. बोहरी आळीत साधा व्हर्नियर कॅलिपर मिळतो, तो घेऊन ठेवा, कारण दुकानात "सोळा" म्हणून दिलेलं बिट मोजल्यावर अठरा निघालेलं मी पाहिलंय.

लांबीही मोजा. गुळगुळीत काठी किंवा लहान व्यासाचा प्लॅस्टिकचा पाइप आडवा तोंडात धरायचा आणि दोन्हीकडे ओठ संपतात तिथे टेपने खूण करायची. या मापात दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम एक सेंटिमीटर वाढवा. दुकानात 5 आणि 5.5 इंची सहज दिसतात. आपल्या देशी घोड्यांना कितीदा तरी 4.75 लागतं, क्वचित 4.5 सुद्धा. लांब बिट इकडून तिकडे सरकतं, सांधा मधोमध राहत नाही आणि एकच बाजू घासली जाते. आपल्याकडे डोकं झटकणाऱ्या घोड्यांतले निम्मे तरी याच कारणाने झटकत असावेत असं मला वाटतं, हिशोब मात्र कुणी ठेवलेला नाही.

मग बिट कोणतं? दात ठीक झाले, बार निरोगी आहेत, जागा कमी आहे, असं धरून सांगते. दोन सांध्यांचं, मधे वाटाण्यासारखा गोल गुळगुळीत मणी असलेलं, 14 मिलिमीटर, कडीशी घट्ट जोडलेलं, म्हणजे एगबट किंवा डी-रिंग. एका सांध्याचं स्नॅफल दोन्ही लगाम ओढले की घडी होऊन जिभेला चिमटीत धरतं. दोन सांध्यांचं जिभेभोवती वळतं. सैल गोल कडीचं बिट फार हलतं. काही घोड्यांना ते आवडतं, पण तोंडात काय होईल या धास्तीत असलेल्या घोडीला स्थिर वस्तू बरी. शिवाय सैल कडीत ओठाची कातडी चिमटते.

इथे एक सावधगिरी. दोन सांध्यांमधल्या चपट्या पट्टीची दोन बिटं दुकानात शेजारी टांगलेली असतात आणि विकणाऱ्यालाही फरक ठाऊक नसतो. फ्रेंच लिंकची पट्टी आखूड, गोलाकार, कंबरेत बारीक असते आणि जिभेवर सपाट बसते. डॉक्टर ब्रिस्टलची लांबट, आयताकृती आणि तिरकी बसवलेली असते. तिची कड जिभेत जाते. ते मुद्दाम कडक बनवलेलं बिट आहे. शंका आली तर दोन्ही सोडा, मणीवालं घ्या.

काही घोड्यांना सांधाच नको असतो. बिट हललं की त्या बिचकतात. त्यांना मलन, म्हणजे किंचित कमान असलेलं अखंड बिट, बरं पडतं. तुमची घोडी मणीवाल्यावरही पंधरा दिवसांत निवळली नाही तर ते बघा. मात्र जीभ फार जाड असेल तर अखंड बिटचा सगळा भार तिच्यावरच येतो. म्हणजे हे तोंड बघून ठरवायचं, कॅटलॉग बघून नाही.

धातूबद्दल फार बोलत नाही, त्याचं जरा जास्तच कौतुक चालतं. चांगलं स्टेनलेस स्टील पुरतं. स्वीट आयर्न गंजतं आणि त्या गंजाची चव घोड्यांना आवडते म्हणतात. आवडत असेलही, पण मुळशीच्या पावसाळ्यात ते एका रात्रीत तांबडं होईल आणि तुम्ही घाबरून मला फोन कराल. रबर कोरडं असतं, ओठांना चिकटून ओढतं, आणि जात्याच जाड असल्यामुळे तुमच्याकडे जागेचाच प्रश्न आला. ते चावून तुटतंही, वापरायचं तर रोज तपासा. स्वस्तातलं मुलामा दिलेलं बिट मुळीच नको. मुलामा उडाला की कडा वर येतात. नवं असो वा जुनं, सळीवर आणि सांध्यांवर कापसाचा बोळा फिरवा. जिथे तंतू अडकला तिथे जीभ कापणार.

बसवताना ओठाच्या कोपऱ्याला एक हलकी सुरकुती पडेल एवढं वर. "दोन सुरकुत्या" हा नियम ऐकला असेल. जाड ओठांच्या घोड्यावर तो ठीक, पण या जातीचे ओठ पातळ असतात, दोन सुरकुत्या पडेपर्यंत कोपरे ताणले जातात. जानेवारीच्या सकाळी स्टील बर्फासारखं गार असतं, तळहातात धरून आधी ऊब द्या. चढवताना दातांवर आपटू नका, अंगठ्याने तोंड उघडू द्या. पहिले आठ दिवस बिटला गूळ चोळा आणि स्वार न होता नुसतं चढवा, पाच मिनिटं चघळू द्या, काढा. मान आभाळात जाणं बंद होईपर्यंत पुढची पायरी नाही. काटेरी लगामाची आठवण असेल तर याला दोन महिनेही लागतील.

आणि हात. याबद्दल लोकांना वाईट वाटतं, पण टाळता येत नाही. माझ्याकडे नवीन मुलं आली की मी एक लगाम काढून बिट त्यांच्यापैकी एकाच्या दोन्ही मुठींत देते, डोळे मिटायला सांगते, आणि दुसऱ्याला मागे उभं राहून लगाम धरून दुडकीत उठ-बस करायला लावते. बिट धरणाऱ्याला पाच सेकंदांत कळतं. गेल्या महिन्यात एका कॉलेजच्या मुलीने डोळे न उघडताच मागच्याला विचारलं, "तू प्रत्येक वेळी उठताना मला ओढतोयस, माहितीये का?" त्याला माहीत नव्हतं. घरी कुणाला तरी घेऊन हे करून बघा. तुमचेही हात उठताना वर जात असतील, तर आधी लांब दोरीवर, लगाम न धरता बसायचा सराव करा. मी स्वतः अजून महिन्यातून एकदा करते. खोगीर पाठीला रुतत असलं तरी घोडी डोकं झटकते, तेही एकदा कुणाकडून तरी बघून घ्या.

बिटशिवायचा लगाम हा उरलेला मुद्दा. बारवर जुनी इजा निघाली तर मी तुमच्या जागी तोच निवडेन. साइडपुल म्हणजे नाकपट्टीच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांना लगाम. सोपा, समजायला सरळ. नाकपट्टी मात्र हाडावर बसवायची, खालच्या मऊ कुर्चेवर नको, तिथे श्वास दाबला जातो. लांब दांड्यांचा मेकॅनिकल हॅकामोर मऊ समजू नका, तो बिटशिवायचा पेलहॅमच आहे. लोक विचारतात, ट्रक आला तर थांबेल का? ज्या घोड्याला बसल्या बसल्या नुसत्या श्वासाने आणि पाठीने थांबायला शिकवलंय तो हॉल्टरवरही थांबतो. ज्याला शिकवलं नाही तो काटेरी लगामातही पळतो, उलट जास्त पळतो, कारण दुखण्यापासूनच पळत असतो. तरी आधी बंद रिंगणात महिनाभर घालवल्याशिवाय तिला रस्त्यावर काढू नका. तुम्हाला पुढे ड्रेसाजच्या, म्हणजे ठरलेल्या हालचाली अचूक करून दाखवण्याच्या, स्पर्धा खेळायच्या असतील तर तिथे बिट लागतंच. शेतातून आणि धरणाकाठाने फिरायचं असेल तर तुम्हाला कुणी विचारणार नाही.

या आठवड्यात घोडीच्या तोंडात काहीच घालू नका, हॉल्टरवर फिरवा, डॉक्टरांची वेळ घ्या, काठीचं आणि दोन बोटांचं माप काढा. डॉक्टर काय म्हणाले आणि बार कशी लागली ते कळवा. माझ्याकडे 4.75 इंची, 14 मिलिमीटरचं मणीवालं एगबट पडून आहे, एका मारवाडी घोडीचंच होतं. मापात बसत असेल तर फुरसुंगीला येऊन घेऊन जा, महिनाभर वापरून बघा, आणि मगच पैसे घालून नवीन घ्या. ते पोकळ जाड बिट येताना बरोबर आणा, बघायचंय मला त्याची जाडी खरंच किती आहे ते.